कोटात पडलेले गहू

माझी धाकटी जाऊ पेंग्विन बघायला जाणार हे मला दिवाळीच्या फराळाच्या वेळी कळलं. ती सांगलीहून आष्ट्याला आली होती. चकलीचा तुकडा तोंडात असतानाच म्हणाली, "आक्का, आम्ही दोघं बर्फावर निघालोय. बोटीनं. पोरीनं सगळं ठरवलंय."

पोर म्हणजे माझी पुतणी. ती परदेशात नोकरीला आहे. पृथ्वीच्या अगदी खालच्या टोकाला सगळा बर्फच आहे, तिथं माणसांची वस्ती नाही, नुसते पक्षी आणि मासे आणि सील नावाचे प्राणी, ते बघायला मोठी बोट जाते, असं जाऊ सांगत होती. मी कढईत करंज्या सोडत होते. मी म्हटलं, "पेंग्विन म्हणजे बागेतला तो कचऱ्याचा डबा ना?"

जाऊ इतकी हसली की तिला ठसका लागला. मला खरंच तेवढंच माहीत होतं. सांगलीच्या बागेत काळा-पांढरा, चोच उघडून उभा असलेला डबा मी बघितला होता. त्याच्या तोंडात लोक भेळेचे कागद टाकायचे. असा पक्षी खरा असतो, तो चालतो, पोहतो आणि तो बघायला माझी जाऊ जाणार, हे मला त्या दिवशी कळलं. करंजी जळाली ते माझ्या लक्षात आलं नाही.

तिच्यावर मी जळते ते तेव्हापासून. खोटं कशाला लिहू, त्याच्याही आधीपासून. आम्ही दोघी याच घरात आलो. मी चौथी शिकलेली, ती कॉलेजची पायरी चढलेली. ती आली तेव्हा मीच तिला चूल कशी सारवायची ते शिकवलं. मग दिरांनी कुपवाडला कारखाना टाकला, लहानसाच, पंपाचे भाग करायचा. ती सांगलीला गेली आणि मी सासूबाईंजवळ राहिले. कुणी मुद्दाम काही केलं नाही. थोरली म्हणून मी राहिले, एवढंच. मी ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल लावायची. तिच्या घरी वॉशिंग मशीन आलं तेव्हा जळले, गाडी आली तेव्हा जळले. पण ते सगळं मी गिळलं होतं, कारण मशीन आणि गाडी मला नकोच होती. पेंग्विन मात्र मला हवा होता. का हवा होता ते सांगता येत नाही. मोबाइलवर तिनं चित्र दाखवलं, त्यात एक पेंग्विन पोट टेकून बर्फावरून घसरत होता, आणि मला वाटलं, हे मी बघायला पाहिजे.

आमच्या ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "बर्फ बघाय जात्यात? मी नोकरीतली किती वरसं बर्फात काढली. पहाऱ्यावर उभा राहिलो की मिशीला बर्फ लागायचा. वर सरकार पगार देत हुतं. आन् ह्यांनी स्वतःच्या खिशातनं द्यायचं?"

"तुम्ही निदान बघितला तरी," मी म्हटलं.

"तुला बघायचा हाय व्हय? फ्रीज उघड की."

हे हसले. माझ्या घरातल्या माणसानंही बर्फ बघितलेला आणि मीच तेवढी राहिलेली, हे मला त्या क्षणी नव्यानं लागलं.

तयारीचं काम माझ्याकडे आलं, कारण शिवणकाम मला येतं. पुतणीनं स्वतःचा जुना कोट कुणाबरोबर तरी पाठवून दिला. केशरी रंगाचा, आत मऊ अस्तर, मागं टोपी, आणि खिसे इतके की मोजताना चुकायला व्हायचं. ती तो घालून तिकडच्या डोंगरांवर फिरायची. जाऊ तिच्यापेक्षा बुटकी, म्हणून बाह्या कमी करायच्या होत्या. शिवाय दिरांची जुनी फिरायची पँट, दोघांचे मोजे, हातमोजे असं सगळं गाठोडं माझ्या पुढ्यात आलं.

पुतणीनं व्हिडिओ कॉल केला. ती मला मोठ्याई म्हणते. "मोठ्याई, बाह्या कशाही झाल्या तरी चालतील. पण कोट साफ करायचा. त्याच्यात एकसुद्धा बी राहायला नको. गवताचं, झाडाचं, कसलंच. तिथं जमिनीवर बाहेरचं काही उगवू नये म्हणून बोटीवर सगळे कपडे तपासतात. खिसे उलटे करतात. बी सापडलं तर परत साफ करायला बसवतात, आणि आईला तेवढ्यात किनाऱ्यावर सोडलं नाही तर ती बोटीवरच राहील. लोक पेंग्विन बघून येतील आणि ही खिडकीत बसेल."

जाऊ शेजारून म्हणाली, "आक्का करतील गं. त्यांच्या हातातून काय सुटतंय?"

खरंच सुटलं नाही. मी कोट उन्हात आडवा टाकला आणि चिमटा, सुई आणि जुना दातांचा ब्रश घेऊन बसले. त्यात परमुलखातली कुसळं होती, आमच्या कुसळांपेक्षा बारीक आणि काळी. चिकटपट्टीच्या दातऱ्यांत ती अशी रुतली होती की ब्रशनं निघेनात. एकेक सुईनं उचकटलं. खिशांच्या शिवणी उसवल्या, आतला चुरा झटकला, पुन्हा शिवल्या. दिरांच्या पँटीत तर आपल्या इथलंच कुसळी गवत होतं, ते निदान ओळखीचं. हे करताना मी सारखी मनात म्हणत होते की, कोट तिचा, पेंग्विन तिचे, आणि कुसळं माझी. तरी हात नीट चालत होता. कामाशी मला वाकडं वागता येत नाही.

ह्यांनीही येऊन शिकवलं. एकच जाड घालायचं नाही, अंगाला पातळ, त्यावर लोकर, त्यावर वारा न लागणारं. मोजे दोन घालायचे पण बूट आवळायचा नाही. ह्यांचा आवाज असा चढला की जणू जाऊबाई पहाऱ्यावरच निघाल्या आहेत.

एका रविवारी दीर दुर्बीण घेऊन आले. पुतणीनं सांगितलं होतं की दुर्बीण तिथं जाऊन पहिल्यांदा हातात धरू नका, आधी हलत्या जागेवरून बघायची सवय करा, नाहीतर देवमासा वर येऊन खाली जाईल तरी तुम्ही स्क्रू फिरवत बसाल. म्हणून आम्ही भिलवडीकडे नदीवर गेलो. थंडीत तिथं मगरी उन्हाला पडतात. मी भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन गेले. मला त्यासाठीच नेलं होतं.

होडीवाल्यानं होडी लांबूनच फिरवली. दीर मोबाइल बघून सांगत होते, "आधी साध्या डोळ्यानं बघायचं. सापडलं की नजर हलवायची नाही. नजर तिथंच, आणि दुर्बीण वर डोळ्याला."

"मला नुसतं पाणीच दिसतंय," जाऊ म्हणाली.

"चष्म्यावरनं धरलीस तर ते रबर खाली दुमड."

"दुमडलंय हो. आता चिखल दिसतोय."

"मग चिखलाच्या जरा डावीकडं."

"डावीकडं तुमचं डोकं आहे!"

होडीवाला हसायला लागला. जाऊला मळमळायला लागलं. नदीच्या होडीत ही गत, तिकडच्या समुद्रात काय होणार, असं माझ्या मनात आलं आणि बरं वाटलं. तिनं दुर्बीण माझ्या हातात दिली आणि डोळे मिटून बसली.

मी दिरांनी सांगितलं तसं केलं. काठावर ओंडका पडला होता, त्याच्यावर नजर ठेवली आणि दुर्बीण वर आणली. तो ओंडका नव्हता, मगर होती. तिचं तोंड मिटलेलं, तरी दात बाहेर दिसत होते. अंगावर वाळलेला चिखल, त्याला भेगा. आणि डोळा. ती डोळा उघडून माझ्याकडं बघत होती. इतक्या लांबून तिला मी काय दिसणार, पण मला तरी तसंच वाटलं. सगळा आवाज थांबल्यासारखा झाला.

"वहिनी, द्या आता," दीर म्हणाले.

"थांबा की," मी म्हटलं.

मी दिरांशी असं कधी बोलले नव्हते. त्यांनी पुढं केलेला हात मागं घेतला. मगर पाण्यात सरकेपर्यंत मी दुर्बीण सोडली नाही. मग दिली. घरी येताना गाडीत जाऊ म्हणाली, "आक्कांना आवडलं वाटतं." मी खिडकीतून ऊस बघत राहिले. त्या दिवसानंतर माझी जळफळ वाढली. आधी मी चित्रावर जळत होते. आता दुर्बिणीतून बघणं काय असतं ते मला कळलं होतं.

निघायचा दिवस आला. सासूबाईंनी निरोप धाडला होता, की सात समुद्र ओलांडून चाललीय, तर घरी येऊन ओटी घेऊनच पुढं जायचं. दोघं गाडीत सामान भरून सकाळी आष्ट्याला आली. इथून मुंबईला आणि तिथून विमान. भावकीतल्या बायका जमल्या. सगळ्यांना कोट बघायचा होता. जाऊनं साडीवरच कोट चढवला, टोपी डोक्यावर घेतली. बायका हात लावून बघायला लागल्या.

"आगं बया, गादीच हाय की ही!"

"तितं बाथरूमला कसं जायचं गं हे घालून?"

"बस तशीच पाटावर, लय ग्वाड दिसतीयास," सासूबाई म्हणाल्या. "थोरले, भर वटी."

सासूबाई विधवा, म्हणून त्या ओटी भरत नाहीत. थोरली जाऊ म्हणून ते माझं काम. ताटात खण, नारळ, हळकुंड, सुपारी आणि गहू होते. सकाळी मीच ते गहू निवडून ठेवले होते. तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही. ओटी भरायची म्हणजे गहू लागतात, इतकंच. जाऊ पाटावर बसली. पदर कोटाच्या आत गेलेला, तो निघेना. सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. कोटाचीच झोळी कर." जाऊनं हसत कोटाचा घेर दोन्ही हातांनी पुढं धरला. दीर फोटो काढायला उभे राहिले. मी ओंजळीत गहू घेतले आणि त्या केशरी कापडावर माझीच टीप दिसली. तेव्हा मला कळलं की गहू बी आहे.

"कोट काढून ठेव आणि मग बस," मी म्हटलं.

माझा आवाज मुळात बारीक. जाऊ म्हणाली, "राहू दे आक्का, फोटो छान येतोय. पोरीला पाठवायचाय."

सासूबाई म्हणाल्या, "पाटावर बसल्यालीला उठिवत्यात व्हय? भर मुकाट."

माझी ओंजळ तशीच होती. सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. मी म्हटलं, "गहू नको. नुसता खण-नारळ घालते."

सवाष्ण परमुलखाला निघालेली आणि थोरली जाऊ ओटीला गहू नको म्हणते, याचा अर्थ एकच होतो. मला पुढचं सांगायचं होतं, बोटीवरची तपासणी, खिसे उलटे करणं, सगळं. पण पंचवीस तोंडं माझ्याकडं वळली की माझी जीभ उचलत नाही. चुलतसासू पुढं आल्या.

"बघा बाई. थोरलीच्या पोटात कालवाकालव व्हाय लागली."

कुणीतरी हसलं. "आवं, तिला बी न्या म्हणावं संगट."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. कारण त्या बरोबर बोलत होत्या. माझ्या पोटात खरंच कालवाकालव होती, कित्येक दिवसांची. फक्त गहू नको मी त्यासाठी म्हटलं नव्हतं. आता हे कुणाला कसं सांगणार?

मी जाऊकडं बघितलं. तिला तरी आठवेल. तिनं प्रेमानं माझ्याकडं बघितलं, ते मला जास्त लागलं. म्हणाली, "आक्का, एवढं मनाला लावून घेऊ नका हो. तुमच्यासाठी भरपूर फोटो आणीन."

चुलतसासूंनी माझ्या हातातून ताट घेतलं. त्यांचे हात मोठे. त्यांनी भरभरून पाच ओंजळी घातल्या. गहू कोटाच्या घेरावरून घरंगळून खिशांत गेले. सासूबाईंनी वर आणखी मूठभर घेऊन स्वतः छातीच्या खिशात सोडले. "परक्या मुलखात जवळ असू दे माय." जाऊनं वाकून नमस्कार केला. मग वरवरचे गहू ताटात ओतले, कोट काढला आणि दिरांनी तो घडी करून बॅगेत टाकला. बॅग ओसरीवर ठेवली.

मी स्वयंपाकघरात गेले. कपबशा विसळत राहिले. जाऊ दे तशीच, असं मी मनात म्हटलं. मी सांगितलं होतं. पंचवीस जणींसमोर सांगितलं होतं. आता खिसा उलटा होईल, त्यातून गहू पडतील, आणि तिला खिडकीत बसवतील. ती काचेतून बघेल, लोक लांब ठिपक्यासारखे बर्फावर चाललेले. मी हे चित्र नीट मनात उभं केलं. मला ते आवडलं. बशी धुता धुता मी ते दोनदा बघितलं.

तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा त्यात पुतणी आली. ती विचारत होती, कोट कुणी साफ केला? आणि जाऊ म्हणत होती, मोठ्याईनं.

मी हात न पुसताच बाहेर आले. ओसरीवर बॅग होती. तिची चेन ओढली, कोट काढला आणि अंगणात जाऊन तो उलटा करून जोरात झटकला. एकदा झटकला, दोनदा झटकला. गहू उडून शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडले. कोंबड्या धावत आल्या. लिहायलाच बसले आहे तर तेही लिहिते, की झटकताना मला फार बरं वाटलं. चुलतसासूंच्या त्या पाच ओंजळी आणि सगळ्यांचं हसणं मी अंगणात झटकत होते.

"आगं ए! वटी झटकतीया!" सासूबाई ओरडल्या. "डोकं फिरलंय का तुझं? आवं, धरा तिला कुणीतरी!"

आमचे हे गोठ्याकडून धावत आले. बायका दारात गोळा झाल्या. जाऊ पायरीवर उभी होती. ती फक्त म्हणाली, "आक्का?"

मी छातीचा खिसा तिच्यासमोर उलटा केला. चारपाच दाणे शिवणीत अडकले होते. मी म्हटलं, "बी आहे हे. पेरलं तर उगवतं."

ती बघत राहिली. मग तिनं हात तोंडावर नेला. "अगंबाई. पोरगी म्हणाली होती. मला वाटलं गवताचं बी. ओटीचे गहू म्हणजे..." ओटीचे गहू म्हणजे काय, ते तिला सांगता आलं नाही. मलाही आलं नसतं. दोघींना ते बी वाटलंच नव्हतं. निवडताना मलाही नाही.

दीर गाडी चालू करून बसले होते. उशीर होत होता. आम्ही दोघी पायरीवर बसलो आणि एकेक खिसा उलटा करून बघायला लागलो. मी सुई मागवली. टोपीच्या दुमडीत एक दाणा निघाला, तो तिलाच सापडला. सासूबाई आत देवासमोर जाऊन बसल्या आणि मोठ्यानं काहीतरी पुटपुटत राहिल्या. गाडी निघाली तेव्हा जाऊनं हात हलवला. मी कोंबड्यांकडं बघत होते.

नंतर गल्लीत बरेच दिवस हेच चाललं. थोरलीनं जावेची ओटी अंगणात झटकली. खिसे, तपासणी, बी, हे मी एकदोघींना सांगून बघितलं. त्या "व्हय का" म्हणाल्या आणि एकमेकींकडं बघितलं. ह्यांना पटलं. "पलटनीत बी किट तपासायचे," एवढंच म्हणाले. सासूबाई तर माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या. पलीकडच्या घरात बारसं होतं, मला बोलावणं आलं नाही.

मग एका दुपारी ह्यांच्या मोबाइलवर जाऊचा व्हिडिओ कॉल आला. चित्र अडकत होतं, आवाज पुढं-मागं होत होता. ती बोटीवरूनच बोलत होती. केशरी कोट अंगात, नाक लाल झालेलं. सासूबाई धावत आल्या आणि मोबाइल डोळ्याला लावून बसल्या.

"गेलीस का गं खाली? का बोटीतच?"

"गेले आत्याबाई! आजच गेले. एका बाईनं सगळे खिसे उलटे केले, टॉर्च मारून शिवणीत बघितलं. माझ्या पुढच्या बाईच्या मोज्यात काहीतरी सापडलं, तिला बाजूला बसवलं. माझ्यात काहीच नाही निघालं."

"वटीचा गुण," सासूबाई म्हणाल्या आणि मोबाइलसमोर हात जोडले.

जाऊ हसली. "आक्का कुठायत?"

मी मागून पुढं झाले. ती मला म्हणाली, "आक्का, मी नजर हलवली नाही. आधी डोळ्यानं बघितलं, मग दुर्बीण. देवमासा श्वास सोडताना दिसला हो." मग तिनं पेंग्विनचं हलतं चित्र लावलं. ते हजारोंनी होते. एकजण दगड चोचीत धरून चालला होता, दुसऱ्यानं तो पळवला, मग त्यांचं भांडण. सासूबाई खो खो हसल्या. "ही तर आपलीच भावकी की गं!" मला म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी मला काही म्हणाल्या.

जाऊ नाकाला रुमाल लावून म्हणाली, "पण आक्का, वास! कुणी सांगितलंच नव्हतं. असली घाण येते त्यांची, कोंबड्यांच्या खुराड्याच्या शंभरपट. कोटाला लागलाय, केसांत गेलाय, जेवण जाईना. फोटोत काय कळत नाही."

ती ते मला समजावायला म्हणाली असेल, की बघा, तितकंसं काही चांगलं नाही. चित्र अडकलं आणि कॉल बंद झाला. सासूबाई मोबाइल हलवत बसल्या. मी तिथंच उभी होते, आणि मला तिच्या केसांतल्या त्या वासाचासुद्धा हेवा वाटत होता.